कॉम्प्युटर अडकला होता

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रेमदास दादास,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं बरं आहे. तिकडेही बरं असेल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाई, म्हणून पत्र. माझा धम्मदीप नागपूरले कामाले लागला, घरात मी एकटीच. गुडघे कुरकुर करतात, पण दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर दिवसभर बसायचंच काम, तर निभून जाते.

सध्या खिडकीवर एक नवीन खूळ आलं आहे. आकांक्षा नावाची पोरगी माझ्या खांद्यापाशी खुर्ची टाकून बसते. आम्ही कॉम्प्युटरवर काम कसं करतो, डोळा कुठं जाते, डोक्यात काय येते, मग हात काय करते, याचा ती तक्ता मांडून राह्यली. त्यावरून नवीन सॉफ्टवेअर बनणार म्हणे. “काकू, आत्ता काय विचार केलात?” “काकू, इथं का थांबलात?” अरे, समोर पेशंट ओकून राह्यला, मी काय डोंबलाचा विचार करणार? पण बोलत बोलतच काम करायचं, असा तिचा नियम. आधी हसू यायचं. आता घरी आल्यावर स्वतःच्या डोक्याचा आवाजही नको वाटते. पोरगी मात्र गुणाची आहे, माझ्यासाठी डब्यात तिळाचे लाडू आणते.

तिनं एक गोष्ट पकडली. “काकू, सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तुम्ही आधी एक नाव शोधता. रोज तेच. कुणी सापडत नाही, मग कामाला लागता. ही पायरी कशासाठी?”

मी म्हटलं, कीबोर्ड चालते का पाहते. तिनं तसंच लिहून घेतलं.

ते नाव तुझं आहे, दादा. तुझ्या मेघाच्या लग्नात मानपानावरून तुझं अन् धम्मदीपच्या बाबांचं वाजलं, तेव्हापासून तू माझं तोंड पाह्यलं नाई. ते गेले, तरी नाई. मग तुझी खबर मी कोणाले विचारू? आपल्या भागातला माणूस जास्त दुखलं-खुपलं की इथंच येते. नाव निघालं नाई म्हणजे दादा बरा आहे, एवढ्यावर माझा दिवस जायचा. पेशंटची माहिती अशी पाहायची नसते, मले समजते. तरी पाहायची.

मंगळवारी नाव निघालं. प्रेमदास नत्थू थूल, तळेगाव. सोमवारी माझी सुट्टी होती, तुझा केसपेपर माझ्या जागी बसलेल्या आदेशनं काढला होता. विभाग वाचला अन् माझे हात जागीच राह्यले. लाइनीतले लोक ओरडाले लागले. आकांक्षा म्हणे, “काकू, आत्ता मनात काय चाललंय?” मी म्हटलं, काई नाई, कॉम्प्युटर अडकला. तिच्या तक्त्यात त्या जागी लिहिलं आहे, ‘सिस्टमची वाट पाहणे’. मशीन बिचारं चांगलं चालू होतं रे.

विभागाचं नाव मी लिहीत नाई. तुले माहीत आहे, मलेही.

पण खरं सांगू? त्याहून जास्त खालचा रकाना लागला. जवळचा नातेवाईक. तो भरल्याशिवाय केसपेपर निघत नाई, म्हणून सोबत कोणी नसलं की आम्ही तिथं ‘स्वतः’ टाकतो. आदेशले ही युक्ती मीच शिकवली. तुझ्या नोंदीत तेच, स्वतः. अरे दादा, एवढ्या दुखण्याले तू एकटा आला? मेघाले सांगितलं नाई, समजू शकते, पोरगी सासरी आहे, घाबरेल. पण माझी खिडकी पायऱ्यांपाशीच आहे, तुले माहीत होतं. माझी सुट्टी विचारून आलता काय? राग आला मले, लई राग आला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये खिडकीवरून नावानं शोधता येणार नाई. बिनकामाची पायरी म्हणून काढून टाकली. बरंच झालं. मीही थकले रे, अशी चोरून खबर घेता घेता.

पुढच्या सोमवारी, १७ तारखेले, तुले परत बोलावलं आहे. आदल्या दिवशी, रविवारीच येजो. तळेगावहून वर्ध्याची एसटी धरजो, स्टँडवर मी येते. बोलायचं नसलं तर नको बोलू, मुक्यानं जेवजो, मुक्यानं झोपजो. पण दवाखान्यात मी सोबत राहीन, कितीही दिवस लागू दे.

अन् एक. शुक्रवारी मी तुझी नोंद उघडली. तुले न विचारता. ‘स्वतः’ पुसलं, तिथं माझं नाव टाकलं, माझा नंबर टाकला. आकांक्षा बाजूलेच होती. “काकू, हे का बदललं?”

या वेळी मी खोटं बोलले नाई. म्हटलं, चुकीचं भरलं होतं.

नोंदीप्रमाणे अन् जन्मानंही
तुझी बहीण,
पंचफुला