मिरचीच्या दिवसांतली खिडकी

नंदुरबार, मंगळवार, दिवेलागण

पथारीवर वाळणाऱ्या मिरच्या आणि मावळतीचं आभाळ, दोन्ही एकच लाल. त्या लालीत सगळं गाव तरंगत असल्यासारखं वाटत होतं.

पुण्याहून आलेल्या भाचीने, शुभाने, दिलेली कादंबरी आज संपवली. त्यातली माणसं राजवटीच्या धाकाने स्वतःच्या घरातही कुजबुजतात. मी शुभाला म्हणालो, "जुनी झाली गं ही. आपल्याकडे कुठे असं?"

मग बोलणं निवडणुकीवर गेलं. मी तावातावाने मंत्र्यांचं नाव घेतलं, तशी माझी बायको उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

"बरं केलंस मामी. मिरचीचा फार ठसका लागतोय," शुभा म्हणाली.

बायको हसली. "आमले काय ठसका लागस वं? जल्म गया आठे."

खरंच, जन्म इथे गेला, आम्हाला मिरची जाणवतच नाही आता. मग खिडकी कशाला? कधीपासून लावतो आपण ती? पहिल्यांदा लावली तेव्हा तरी काही वाटलं असेल का? आठवत नाही...

शुभाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही आत्ता, हे लिहिताना लक्षात येतंय, की खिडकी लागल्यावर पुढचं सगळं मी कुजबुजतच बोललो.