आवाजाची वहिवाट

मी, खाली सही करणार, वय पंच्याहत्तर, धंदा मैदानावरचे निवेदन आणि नभोवाणीवरचे फुटबॉलचे समालोचन, हल्ली निवृत्त, जिला सारे शहर माईकवाल्या बाई म्हणून ओळखते, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हा कागद लिहवून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझे हृदय तपासले आणि ‘आता जरा जपून’ एवढेच म्हणाले. पण म्हणताना ते माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते. मला समजायचे ते समजले. सामना जादा वेळेत गेला आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. घोर लागला आहे तो एकाच गोष्टीचा, की माझ्या पश्चात आमच्या ह्यांच्याशी बोलणार कोण.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात काळजी लिहीत नसतात, मिळकत लिहितात. मी म्हटले, माझी मिळकत हीच आहे, तुम्ही लिहा.

१. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची ती चिंचोळी जागा, जिच्या भिंतींना ह्यांनी जुनी ब्लँकेटे ठोकून मला सरावाची खोली करून दिली होती, हे सर्व माझे स्वकष्टार्जित आहे. ते मी थोरल्या मुलीला देत आहे. ह्यांना त्यात तहहयात राहण्याचा हक्क राहील. घरातली एकही खुर्ची जागची हलवायची नाही. ह्यांचे डोळे विसरले तरी हातांना अजून घर पाठ आहे. धाकट्या मुलाने वाईट वाटून घेऊ नये. घर थोरलीलाच का, ते शेवटच्या कलमात लिहिले आहे, आणि त्यालाही ते पटेल असे मला वाटते.

२. बँकेतली शिल्लक ह्यांच्या औषधपाण्याला. उरेल ते दोघा मुलांनी सारखे वाटून घ्यावे आणि त्यावरून भांडू नये. भांडण्याइतके ते नाहीच.

३. माझी दुर्बीण धाकट्याला. तो लांबच्या शहरात राहतो, तिथून घराकडे बघायला उपयोगी पडेल. हे मी चिडून लिहिलेले नाही, लाडाने लिहिले आहे. वकीलबाई हे वाक्य काढा म्हणतात. राहू द्या.

४. गरम पाण्याचा थर्मास माझ्या जागी आलेल्या निवेदकाला, ज्याला आम्ही सगळे गर्जना म्हणतो. चेंडू हवेत असतानाच हा ‘गोल’ ओरडून मोकळा होतो आणि मग अर्धे मैदान उगाच उभे राहते. त्याने दर वेळी दोन घोट घ्यावेत. घोट घशाखाली उतरेपर्यंत चेंडूचे काय व्हायचे ते होऊन जाते. मुलगा मनाने चांगला आहे. नव्या खेळाडूला सामन्याआधी गाठून ‘घरी तुला काय म्हणतात, कसं म्हणतात’ हे विचारायची माझी पद्धत त्याने सोडलेली नाही, म्हणून थर्मास बुचासकट देत आहे.

५. क्लबच्या सेक्रेटरींना काही नाही. अंतिम सामन्यात, खेळ ऐन रंगात असताना, त्यांनी पाहुण्यांच्या भाषणासाठी माझ्या हातातून माईक काढून घेतला होता. तो हात मला अजून तसाच रिकामा वाटतो. मागच्या उन्हाळ्यात तेच गृहस्थ फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले. म्हणाले, “बाई, तुमच्या जुन्या फिती आम्हाला द्या. संगणक त्यावरून तुमचा आवाज शिकेल. तुम्ही गेल्यावरसुद्धा मैदानावर तुम्हीच बोलाल.”

मी म्हटले, “मी होते तेव्हा बोलू दिलं असतंत तर बरं झालं असतं.”

ते हसले. सेक्रेटरींना टोमणा लागत नाही. पण खरे सांगायचे तर रात्रंदिवस नाही तरी दुपारी, डोळा लागता लागता, ती गोष्ट मनात येऊ लागली. आमच्या मैदानावर माझा आवाज समोरच्या सज्ज्यापर्यंत जायचा आणि थोडा उशिरा परत यायचा. धुके उतरलेल्या संध्याकाळी दिवे हळूहळू उजळत, गवत दुधाळ दिसू लागे, खेळाडूंचे नुसते पाय दिसत, आणि मी बोललेले वाक्य कुणा दुसऱ्याच बाईने बोलल्यासारखे पलीकडून चालत येई. ते येईपर्यंत थांबायचे, मग पुढचे बोलायचे, हे मला कोणी शिकवले नाही, मैदानानेच शिकवले. हल्ली झोपेत मी तशीच थांबलेली असते. एखादे वाक्य अजून परत यायचे आहे असे वाटते. जाग आली की कळते, आपण घरात आहोत आणि हे शेजारी बसून माझ्याकडे परक्यासारखे बघत आहेत.

६. आता ह्यांच्याविषयी. हे नभोवाणी केंद्रावर ध्वनीची यंत्रे सांभाळत. मी काचेच्या एका बाजूला, हे दुसऱ्या. आमचा संसार असा कानातून सुरू झाला. अलीकडे ह्यांची स्मृती विरत चालली आहे. मला ‘ताई’ म्हणतात, हे घर कोणाचे आहे ते अदबीने विचारतात, आणि आपल्याला उशीर होतोय म्हणून उठून दाराकडे जातात. सुरुवातीला मी वेड्यासारखी विचारायची, “अहो, ओळखलंत का मला?” त्यावर ते इतके ओशाळत, की मलाच मेल्याहून मेल्यासारखे होई.

मग एके दिवशी नाश्ता घेईनात म्हणून वैतागून मी समालोचनच सुरू केले. “नमस्कार. मागच्या खोलीतून आम्ही बोलत आहोत. ऊन स्वच्छ आहे, वारा नाही. चमचा उजव्या बगलेने पुढे सरकतो आहे.” ह्यांचा हात मांडीवर आला आणि बोटांनी नसलेले बटण सावकाश फिरवले. चेहरा निवळला. “बाई, आज आवाज छान लागलाय,” म्हणाले, आणि सगळे खाल्ले. तेव्हापासून आमच्या घरी दाढी, अंघोळ, गोळ्या, सगळ्याचे थेट प्रक्षेपण चालते. शेजारी हसतात. हसू देत. रोज दोन-तीनदा तरी माझा नवरा मला ओळखतो, हे किती जणींच्या नशिबी आहे ते त्यांनी आपल्या घरी जाऊन मोजावे.

धाकट्याने हे पाहिले आणि सेक्रेटरींची कल्पना त्याने उचलली. “आई, मैदानाचं सोड. बाबांसाठी करू. तू नसलीस तरी तुझा आवाज त्यांच्या उशाशी असेल.” मला मोह झाला. का होणार नाही? फिती दिल्या. सुटीत तो एक छोटा स्पीकर घेऊन आला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पुढच्या खोलीतून माझाच आवाज आला, “नमस्कार. आता सकाळची गोळी.” मीसुद्धा फसले असते.

ह्यांनी कान देऊन ऐकले. बोटे हलली, मग थांबली. “बाई कुठे बसल्यात?” ह्यांनी विचारले. “खोलीचा आवाज येत नाहीये. मागे काहीच नाही.” आणि उठले. मागची खोली पाहिली, जिन्याखाली वाकून पाहिले, मग कपाटे उघडू लागले. स्पीकर बोलतच होता. कपाटातले कपडे दोन्ही हातांनी बाजूला करत हे म्हणत होते, “बाई अडकल्यात कुठेतरी. अरे, दार उघडा त्यांना.” मी धावत जाऊन ह्यांचा हात धरला. तर माझ्याकडे बघून रडकुंडीला येऊन म्हणाले, “ताई, तुम्ही तरी बाहेर काढा हो बाईंना.”

धाकट्याने स्पीकर बंद केला आणि बराच वेळ बापाच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

सबब असे जाहीर करते, की माझ्या आवाजाची वहिवाट माझ्यासोबत संपेल. सर्व फिती धाकट्याने जपाव्यात, त्याला आई आठवली की त्याने आपल्या घरी ऐकाव्यात. या घरात त्या लावायच्या नाहीत. त्यांवरून क्लबने, केंद्राने वा अन्य कोणी नवा आवाज बनवायचा नाही.

७. राहिला मूळ प्रश्न. थोरली ग्रंथालयात काम करते. दिवसभर कुजबुजून तिचा आवाज असा झाला आहे, की घरात ती आहे की नाही ते दिवा पाहून कळावे. मी तिला सांगितले, माझ्यानंतर तू बोल. ती म्हणाली, “मला नाही जमणार, आई. चार माणसांत नाव सांगताना मला घाम फुटतो.” मी पुष्कळ समजावले. समालोचनात प्रश्न विचारायचा नसतो, दिसते तेवढे सांगायचे असते. समोरच्याला उत्तर द्यावे लागत नाही, म्हणून तर ह्यांना ते सोसते. आधी जागा सांगायची, मग उजेड, मग काय चालले आहे ते. घाई करायची नाही. ती मान हलवायची आणि विषय बदलायची. मी तो नाद सोडून दिला होता, आणि रात्री पडल्या पडल्या ह्यांना कुठल्या तरी संस्थेत, पांढऱ्या भिंतींमध्ये, गप्प बसलेले पाहत होते.

परवाच्या रविवारी मला धाप लागली. उठता येईना. ह्यांचे जेवण थोरलीच्या अंगावर पडले. भिंतीपलीकडून ऐकू येत होते. आधी ताटाचा आवाज. हे म्हणाले, “नको. मला निघायला हवं.” खुर्ची सरकली. मग थोरलीचा आवाज, फाटलेला, “नमस्कार. ही... मागची खोली आहे. ऊन... ऊन पायरीपर्यंत आलंय.” पुढे काहीच नाही. मी उशीत नखे रुतवून बसले होते.

“आज बाई नाहीत?” ह्यांनी विचारले.

“नाहीत.”

तेवढ्या शांततेत मी ह्यांना दारातून बाहेर पडताना डोळ्यांसमोर पाहिले. पण खुर्ची पुन्हा जागेवर आली.

“मग तुम्ही बोला,” हे म्हणाले. “पहिल्यांदा सगळेच अडखळतात. घाबरू नका, मी सांभाळून घेतो.”

थोरली रडत होती आणि बोलत होती. हे मधून मधून “हं, असंच, जरा सावकाश” म्हणत होते. ताट संपले. मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले, आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना निरोप धाडला. म्हणून घर थोरलीला.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला, दोन ठिकाणी उच्चार सुधारले आणि खाली सही केली.

लिहून ठेवणार : माईकवाल्या बाई (सही)

साक्षीदार :
१. कुटुंबाचे डॉक्टर. या वेळी सही माझ्याकडे बघून केली. (सही)
२. निवृत्त रेफ्री, शेजारी. (सही)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली. मागच्या खोलीत थोरली ह्यांच्याशी बोलत आहे.
दिनांक : १९ फेब्रुवारी