आठवी पेटी

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आणि मुलींना माझी आठवण सांग. तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी येतोयस आणि येताना तुझ्या घराजवळच्या त्या वृद्ध निवासाचा फॉर्म आणतोयस, हे वाचलं. फोन मुद्दामच केला नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांना थोडी सर्दी झाली आहे, बाकी तब्येत खणखणीत. जेवण व्यवस्थित. माझं कामही जोरात चाललंय. दोन्ही दंतवैद्य कवळ्यांसाठी मागे लागलेत, आणि मागच्या खोलीत टेबलावर इतके दात मांडून ठेवलेत की आत पाऊल टाकलं की कोणीतरी आपल्याला हसतंय असं वाटतं. परवा बाबांनी त्यातली एक वरची कवळी खिशात टाकली. विचारलं तर म्हणाले, "पत्ता अपुरा आहे, परत पाठवायला लागेल." निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण पोस्टमन काही त्यांच्या अंगातून जात नाही.

तू विचारलंयस की मी कामाला बसते तेव्हा त्यांच्याकडे कोण बघतं. त्याची मी नामी सोय केली आहे. आपल्या घरामागे नदीकाठची ती झाडांची पायवाट आहे ना, तिथल्या रखवालदाराने मुलांसाठी सात लाकडी टपालपेट्या लावल्या आहेत. प्रत्येक पेटीत एक रबरी शिक्का, कुठे मासा, कुठे कासव, कुठे खंड्या, आणि पुढची पेटी कुठे आहे ते सांगणारी एक कोड्याची चिठ्ठी. सुट्टीच्या दिवशी मुलं वही घेऊन धावत सुटतात. एरवी तिथे चिटपाखरू नसतं. थंडीत एकदा बाबांना फिरायला नेलं होतं, तर त्यांनी पहिल्याच पेटीत हात घातला, चिठ्ठी वाचली आणि खांदे सरळ करून चालायलाच लागले. मी मागे धावतेय आणि ते कामावर निघालेत. इतके खूश मी त्यांना वर्षभरात पाहिले नव्हते.

तेव्हापासून रखवालदाराला विचारून मी रोज सकाळी सातला मोठ्या अक्षरातल्या माझ्या चिठ्ठ्या पेट्यांत टाकून येते. दहाला बाबा निघतात. कोडी सोपीच असतात, रोज तीच असतात, आणि ते रोज नव्याने सोडवतात. दुसऱ्या पेटीतली चिठ्ठी बघ, उत्तर म्हणजे नदीवर वाकलेला तो वड:

पाठ वाकली, दाढी पाण्यात,
तरी नाही मी म्हातारा;
माझ्या मागे वळून पाहा,
तिथे पुढचा पत्ता सारा.

हे वाचून परवा मला म्हणाले, "हा कोण लिहितो त्याला जरा कामाला लावलं पाहिजे, रिकामटेकडा दिसतोय." शेवटच्या पेटीत असतं:

झालं टपाल, संपली फेरी,
आता सरळ घराच्या दारी.

आणि अकराच्या ठोक्याला ते दारात हजर. एक तास त्यांचा मजेत जातो, एक तास माझं काम होतं. तेव्हा तो फॉर्म आणायची तसदी घेऊ नकोस. नुसता ये, चार दिवस राहा. बाबा घरीच बरे आहेत.

आपली,
धाकटी


गुरुवार, १३ मार्च

दादा,

मंगळवारचं पत्र तुला मिळालं असेल. ते टाकून आले आणि दोन दिवस कामात लक्ष नाही. एका बाईंच्या कवळीत पुढचे दोन दात मी उलटसुलट बसवले. म्हणून हे दुसरं.

बाबांना सर्दी झाली आहे, हे खरं आहे. कशाने झाली ते मी लिहिलं नाही. आणि शेवटच्या पेटीत घरी जायची चिठ्ठी असते असं लिहिलं, तेव्हा मला ते लिहिताना लाजसुद्धा वाटली नाही.

एक तास मला पुरत नव्हता रे. मेणात दात बसवायला घेतले की मधे उठता येत नाही, मेण थंड झालं की सगळं पुन्हा. अकरा वाजले की बाबा दारात, मग "माझी पिशवी कुठाय", "साहेब आले का", "तू कोण". हे दिवसात पन्नास वेळा. मी चिडत नाही असं तुला वाटत असेल तर चुकीचं आहे. मी चिडते. एकदा त्यांच्या हातातला पेला हिसकावून घेतला होता, इतक्या जोरात की त्यांनी हात पाठीमागे लपवला. हेही मी कोणाला सांगितलेलं नाही.

तर मी आठवी पेटी लावली. आपल्या फाटकावरची लाल पेटी काढली आणि सोमवारी पहाटे खाली वाळूत, होडी बांधायच्या जुन्या खांबाला ठोकली. सातव्या पेटीपासून तिथे जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. सरळ हिशोब केला होता, अर्धा तास जास्त. सातव्या पेटीत उतार उतरून वाळूत जायचं कोडं ठेवलं. घरी जायची चिठ्ठी आठव्या पेटीत ठेवायची होती. ती ठेवायची राहिली.

तुला माहीत आहे, वरच्या धरणातून पाणी सोडायचं असलं की भोंगा वाजतो. त्यानंतर अर्ध्या तासात ती वाळू पाण्याखाली जाते. सहसा संध्याकाळी सोडतात. सोमवारी अकराला भोंगा वाजला. मी टेबलाशी होते. हात पुसायला एप्रनच्या खिशात घातला आणि चिठ्ठी हाताला लागली, तेव्हा मला कळलं.

हे वरचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण राहू दे, मी कशी खोटं बोलते ते तुलाही कळू दे. मला सकाळीच कळलं होतं. परतताना वाळूजवळचा पादचारी पूल ओलांडून बरीच पुढे आले होते, तेव्हा एप्रनच्या खिशात हात गेला आणि चिठ्ठी लागली. मागे जाऊन ठेवायची तर आणखी अर्धा तास मोडला असता. मनात आलं, पेटी रिकामी दिसली तर घुटमळतील थोडे तिथेच. तेवढंच माझं काम उरकेल. चिठ्ठी पुन्हा खिशात टाकली आणि घरी आले. मजेत आले, दादा. वाटेत गुणगुणत होते.

भोंगा वाजल्यावर मात्र मी पायात चपला न घालता पळाले. घरापासून त्या वाळूपर्यंत मधल्या वाटेने वीस मिनिटं लागतात. रखवालदाराच्या खोपटाला कुलूप होतं. वाटेवर माणूस नाही. हाका मारून घसा बसला, पण बाबा हाकेला ओ देत नाहीत हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. पुलावर पोहोचले तेव्हा पाणी आलेलं होतं. लवकर आलं होतं. खाली वाळू दिसतच नव्हती, नुसता तो खांब, लाल पेटी, आणि खांबाला दोन्ही हातांनी धरून उभे असलेले बाबा. पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं होतं.

आता जे लिहिते ते एकदाच वाच आणि मला त्याबद्दल कधीही विचारू नकोस. मी पुलावर थांबले. दम लागला म्हणून नाही. सावकाश दहा अंक मोजावेत इतका वेळ मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला वाटलं की आता माझ्या हातात काही नाही. आणि ते वाटून मला बरं वाटलं. अंगातून ओझं उतरल्यासारखं झालं. मग बाबांनी पेटीची कडी उघडली, आत बघितलं, पुन्हा लावली, आणि मी ओरडत खाली धावले.

पाण्यात शिरले तर गार कळ डोक्यापर्यंत गेली. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, "बाबा, चला, पाणी वाढतंय."

"टपाल यायचंय अजून," ते म्हणाले.

"येणार नाही आज. चला."

"असं कसं येणार नाही? पेटी लावली आहे म्हणजे टपाल येणार. रिकामी सोडून निघायचं नसतं, बाई. तुम्ही व्हा पुढे."

त्यांचे ओठ निळे पडले होते आणि बोलणं एकदम साधं, कचेरीतलं. मी ओढलं. दादा, ते वाळलेत, पण चाळीस वर्षं सायकल मारलेली माणसं हलत नाहीत. त्यांनी खांबाला मिठीच मारली. पाणी कंबरेला आलं. मी रडत होते, शिव्या देत होते, बाबांना आयुष्यात पहिल्यांदा मी अरेतुरे केलं. ते माझ्याकडे बघेनात. पेटीकडेच बघत होते.

मग मला एप्रन आठवला. तो मी काढलाच नव्हता. चिठ्ठी खिशात वरच्या बाजूला होती, एक कोपरा भिजला होता फक्त. मी त्यांच्या पाठीमागून हात घालून ती फटीतून आत सोडली आणि म्हटलं, "पोस्टमनसाहेब, आलं बघा टपाल."

त्यांनी आधी हात सदऱ्याच्या कोरड्या भागाला पुसला. मग कडी उघडली. चिठ्ठी लांब धरून मोठ्याने वाचली. झालं टपाल, संपली फेरी. घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, सुटलो." आणि खांब सोडून माझा हात धरला. मी त्यांचा नाही, त्यांनी माझा. म्हणाले, "सांभाळून या बाई, पाण्याला ओढ आहे." काठापर्यंत त्यांनीच मला आणलं.

घरी येऊन अंग पुसलं, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, डॉक्टर येऊन गेले. डॉक्टरांना मी पाय घसरला असं सांगितलं. बाबांना काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दारात उभे, "निघू ना?" मी दाराला आतून कुलूप लावलं. तेव्हापासून ते रोज दहाला दारापाशी येतात आणि कडीशी खटपट करत उभे राहतात, अकरापर्यंत. मी मागच्या खोलीत बसून तो आवाज ऐकते.

दोन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा त्या निवासाचं नाव काढलंस, तेव्हा मी वहिनीसमोर तुला म्हणाले होते की बापाला टाकणारा माझा भाऊ नाही. तू उठून गेलास, आणि मी इथे राहून चांगली मुलगी झाले. सगळ्यांनी मला चांगलं म्हटलं, मलाही ते आवडलं. त्या शब्दांची मी माफी मागते. पुलावर मी जी उभी होते ती तुझ्यापेक्षा बरी नव्हती.

रविवारी ये. फॉर्म आण. मी सही करीन. तू विचारशील म्हणून सांगते, मला ते जायला नको आहेत. रोज सकाळी ते झोपेतून उठून माझ्याकडे बघून हसतात, कोण आहे ते माहीत नसताना हसतात, त्याशिवाय मी कशी राहीन मला कळत नाही. पण मला आता माझी भीती वाटते, आणि ते माझ्या भरवशावर आहेत.

एक काम तुला करायचं आहे. नुसतं चला म्हटलं तर ते घरातून हलणार नाहीत, गाडीत तर बसणारच नाहीत. चिठ्ठी लागेल. त्यांना तुझ्याकडे पाठवायची चिठ्ठी लिहायला मी काल तीनदा बसले. पहिली ओळ होते, पुढे हात चालत नाही. ती तू लिही, मोठ्या अक्षरात, तुझ्या हाताने. यमक जुळलं नाही तरी चालेल. फक्त "संपली फेरी" असं कुठे लिहू नकोस.

तुझी,
धाकटी