जांभळीचे पुढचे पाय

डोकमर्डी, सिल्वासा
रविवार, सकाळ

प्रिय केतकी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. जांभळी आज चौथा दिवस जागची हललेली नाही. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी असते. मी आणि कोंडाबाई आळीपाळीने तिच्या पुढच्या खुरांना बर्फ लावतो. बर्फ खडोलीहून येतो, यांचे जुने सोबती कारखान्याची पाळी सुटली की आणून टाकतात. दाणा बंद केला आहे, भिजवलेलं सुकं गवत तेवढं देते. खाली वाळू पसरली आहे, म्हणजे तळव्याला टोचू नये. एक पाऊल टाकायचं म्हटलं तरी तिच्या अंगाला घाम फुटतो.

यांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तू बारा. तुझे बाबा विजयभाऊ वसाहतीत मॅनेजर, आम्ही खानदेशातून कामासाठी आलेली माणसं, पण तू शाळेतून सुटलीस की दप्तर आमच्या ओट्यावर टाकून सरळ घोडीकडे जायचीस. यांनी तुला आधी खूर साफ करायला शिकवलं, बसायला नंतर. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, घोडी विकून टाका, बाईमाणसाला झेपायचं नाही. तू मात्र घोड्यांच्या निगेचं पुस्तक आणून दिलंस. मी सातवी शिकलेली. अडलं तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवायची आणि तू आलीस की विचारायची. तीन वेळा वाचलं ते.

मला तिच्या पाठीवर बसवलंस तेही तूच. यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी म्हटलं नाही. यांची पँट घालून मी बसले तेव्हा कोंडाबाई हसून हसून खाली बसली, म्हणाली, “ताई, आता वरातीला नवरदेव तुम्हीच!” तू लगाम धरून बाजूने चालत होतीस. “टाच खाली काकू, खाली बघू नका, तिला रस्ता माहीत आहे.” यांच्या मागे त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

यांच्या वर्षश्राद्धाला शहाद्याला निघाले तेव्हा जांभळी उजवा पुढचा पाय जरा जपून टाकत होती. पुण्याहून सुट्टीला आलेली तू तिला सांभाळणार होतीस, म्हणून तुला दाखवलं होतं. म्हटलं होतं, हातात धरून फिरव, पाठीवर बसू नकोस. बारा दिवस रोज संध्याकाळी मी फोन केला आणि रोज तू म्हणालीस, “मजेत आहे काकू, तुमची आठवण काढते.” मी ते तिकडे सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

परत आले तर ती अशी उभी. हाताची पाठ खुराला लावली, खूर तापलेला. खुराच्या वर बोटं दाबली तर नाडी उडत होती. खूर आतून सुजण्याचा आजार, पुस्तकात वाचलं होतं तसंच सगळं. मग मान बघितली. शिरेवर सूज, आणि सुया टोचल्याच्या खुणा, एक नाही, चार. मागे घर कोंडाबाईवर सोपवलं होतं, तिला विचारलं तर ती रडायलाच लागली. “पोरीने टेम्पोत चढवून शर्यतीला नेली ताई, दोन दिवसांनी आणली. मला म्हणाली, काकूंना माहीत आहे.”

केतकी, त्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळायची तुला किती वर्षांची हौस होती ते मला माहीत आहे. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. तेही तुला ठाऊक होतं. पण माझं नाव पुढे करून तू माझीच घोडी माझ्या दारातून नेलीस. दुखरा पाय दुखेनासा केलास आणि साठ किलोमीटर पळवलीस. जिला यांनी आधी खूर धरायला शिकवलं, तिने हे केलं. मी घरातल्या माणसांकडूनही पुष्कळ सोसलं आहे, पण असं मनातून उतरलेलं माणूस दुसरं नाही. काय टोचलंस, असा मेसेज केला, तर तुझं उत्तर आलं, “काही नाही काकू, फक्त व्हिटॅमिन.” त्यानंतर फोन बंद.

वरुण डॉक्टर रोज येतात. ते म्हणतात, व्हिटॅमिनने असं होत नाही. स्टेरॉईड दिलं असेल तर त्यावर दुखण्याचं जोरकस औषध द्यायला ते धजत नाहीत, पोटात व्रण होऊन घोडी जाईल. नुसतं दुखणं मारायचं औषध असेल तर किती आणि कधीपर्यंत दिलं ते कळायला हवं. म्हणून ते हात राखून औषध देतात आणि ती तशीच उभी राहते. खुरातलं हाड खाली सरकायला लागलं आहे. तळवा फोडून बाहेर आलं तर तिला सुई देऊन कायमचं झोपवावं लागेल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

विजयभाऊ आज दुपारी पुण्याला तुझ्याकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते आहे. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवलं आहे, घोडीची खबरबात आहे एवढंच म्हणाले. लपवलं ते तुझी अब्रू राखायला नाही. बाबांसमोर विचारलं तर तू पुन्हा खोटं बोलशील, आणि त्या खोट्यावर डॉक्टर सुई भरतील, एवढीच मला भीती आहे. सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर लिहिला आहे. औषधाचं नाव, किती वेळा, शेवटची सुई कोणत्या दिवशी, एवढंच त्यांना कळव. मला सांगायची लाज वाटत असेल तर मला सांगू नकोस. माफी मागू नकोस, येऊही नकोस. फक्त आज एकदा खरं बोल.

नातं तोडता येत नाही म्हणून लिहिते,
तुझीच,
चंदाकाकू