मानीबाईले आणणारा ट्रक

८ सप्टेंबर १९६१, शुक्रवार.
उद्या पोळा. आपल्याजवळ बैल नाही, हे साऱ्या तांड्याले माहीत. जोडी विकून मी जुना डिझेल ट्रक घेतला, त्याच दिवशी बायको मानीबाई रागानं माहेरी गेली, उमरखेडकडं. काल निरोप आला. पुढच्या शुक्रवारी घ्यायले या, पण त्याच ट्रकानं. रस्त्यात एकदा जरी बंद पडला, तर मी येत नाही, म्हणे. बस, इतकंच? हातचा मळ!
संध्याकाळी खांदेमळणी केली. ट्रकाचा खांदा सापडला नाही, म्हणून दोन्ही मडगार्डायले लोणी-हळद चोळली.

९ सप्टेंबर, पोळा.
बॉनेटवर गेरूचे ठिपके, बंपरले घुंगरं. काय दिसून राह्यला गडी! तोरणाखाली बाकीचे बैल बिचकले. जळतात. शेजारच्या लालीबाईनं चार पुरणपोळ्या दिल्या. साऱ्या बैलायले घास, अन् माझा ट्रक उपाशी? डिझेलच्या टाकीत तीन सोडल्या, तुपासकट. चौथी मी खाल्ली.

११ सप्टेंबर.
ट्रायल. सपाटीवर नुसता वारा! दारव्ह्याच्या चढावर खोकला, मग बंद. पाच मिनिटांत निदान केलं. डिझेलचं प्रेशर कमी, पंप कमजोर. नजीर मिस्त्री म्हणाला, पहिले टाकी उघडून पाहू. मी सांगितलं, टाकी म्हणजे पोट, ते भरलेलं हाय. रोग छातीत हाय. नजीरभाईनं पाना पेटीत ठेवला. पटलं असावं.

१२ सप्टेंबर, दुपार.
फिल्टर स्वतः खोलला. आत पिवळा चिखल. चाखला. गोड! डिझेल जुनं झालं की गोड होत असावं. नजीरभाईले हे सांगितलं, तर तो डोक्याले हात लावून बसला. त्याले हे नवीन होतं.

१३ सप्टेंबर.
पाइपातली हवा काढली. हातपंप दोनशे वेळा दाबला. सुरू! नाचलो. बंद. पुन्हा दोनशे. ठरलं, मानीबाई आली की गॅरेज टाकायचं. पाटी: डोंगरसिंग, प्रेशर स्पेशालिस्ट. हात वर होत नाही. उरलेली लोणी-हळद मलेच लावली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार, पहाटे.
निघालो. नजीरभाई संगं येतो म्हणत होता. कायले? मी हाय ना!

दुपार.
पुसदच्या अलीकडं ट्रकानं तीनदा श्वास घेतला. याले बंद पडणं म्हणत नाही. माणूसही श्वास घेते.

संध्याकाळ.
मानीबाईचा तांडा समोरच्या टेकडीवर. अर्ध्या चढावर ट्रक गप. हातपंप तीनशे. काहीच नाही. वर मानीबाई गाठोडं घेऊन उभी. ती खाली आली. मी प्रेशरचं समजावून सांगू लागलो. तिनं ऐकलंच नाही. झाकण काढलं, टाकीत काडी फिरवली, अन् पुरणाचा लगदा बाहेर. हे कोणी घातलं म्हणे. मी म्हटलं, पोळा होता ना. बापरे, काय हसली! पोट धरून रस्त्यातच बसली. मले वाटलं, जिंकलो. तर डोळे पुसले, गाठोडं उचललं अन् वर निघाली. ट्रक बंद पडला, बोलणं ते बोलणं म्हणे. चार पावलांवर वळली, अन् भूक लागली असन तर वर या म्हणाली. काहून नाही? गेलो.

१८ सप्टेंबर, सोमवार.
ट्रक चढावरच हाय. टाकी धुवायले नजीरभाईले निरोप धाडला. तो हसणं थांबलं की येतो म्हणे. तवर सासऱ्यानं मले पिकातलं तण काढायच्या डवऱ्यामागं लावलं. त्यायचे बैल सकाळपासून एकदाही थांबले नाही. मीच थांबलो, चारदा. मानीबाईनं बांधावरून विचारलं, प्रेशर कमी झालं काय? सारं शेत हसलं. मीही हसलो.
तसं पाहिलं तर काम फत्ते. मी तिले घ्यायले आलतो, अन् आता आम्ही दोघं एकाच घरात राहून राह्यलो. फक्त घर तिच्या बापाचं हाय.