ट्युलिपच्या बादलीत डॅफोडिल कोणी ठेवले

मी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा फुलांचा, कान थोडे गेलेले पण डोकं ठिकाणावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. याआधीचं काही सापडलं तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलाला आणि सुनेला, निम्मं-निम्मं. कागदावर सुनेचं नाव आधी घालावं, कारण छपराची गळती तिनेच काढून घेतली.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. फुलांतलं त्याला ओ की ठो कळत नाही, तेव्हा दुकानावर त्याने डोळा ठेवू नये.

३. घरातल्या काचेच्या फुलदाण्या सुनेला. ट्युलिपचे देठ एक दिवसाआड थोडे कापावेत, पाणी गार आणि बेताचं ठेवावं. ते फुलदाणीतही वाढतात आणि उजेडाकडे वळतात. त्यांना सरळ करण्याच्या नादी लागू नये, फुलदाणी फिरवावी. शेजारच्या टेलरबाई पाण्यात मूठभर साखर घालतात, त्यांचं ऐकू नये.

४. दुकान, बादल्या, कात्र्या आणि पाटीसकट, माझ्या धाकट्या बहिणीला. एकोणीस वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही आणि त्यात तिची काही चूक नाही.

डॅफोडिल कापलं की देठातून बुळबुळीत चीक गळतो. त्या पाण्यात ट्युलिप ठेवले तर ते माना टाकतात. म्हणून डॅफोडिल आधी वेगळ्या बादलीत निथळू द्यायचे, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. एका लग्नाच्या सकाळी आमच्या सगळ्या ट्युलिपनी माना टाकल्या. मी नवरीच्या आईसमोर धाकटीकडे बोट दाखवलं.

"ताई, मी त्या बादलीला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय डॅफोडिल आपल्या पायांनी चालत गेले?"

आदल्या संध्याकाळी बादल्या कमी पडल्या, म्हणून मीच ते घाईत तिथे खुपसले होते. त्यानंतर धाकटीला कुणी फुलांचं काम दिलं नाही, आणि मी मूग गिळून बसले. मला याची लाज वाटते.

असला कबुलीजबाब मृत्युपत्रात लागत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मला लागतो. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

५. माझ्या अंत्यविधीची फुलं धाकटीनेच लावावीत. ती आली नाही तर फुलंच नकोत.

पुरवणी, आजचीच: साक्षीला बोलावलेल्या टेलरबाईंनी कलम चार वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर तिला कळणार? मग तिने भांडायचं कुणाशी?"

तेव्हा कलम चार आहे तसंच राहील, पण हा कागद वकीलबाईंकडे नंतर जाईल. उद्या सकाळी धाकटीच्या दारात उभी राहून मी तो स्वतः वाचणार आहे. तिने दार लावून घेतलं तरी शेवटपर्यंत वाचेन.

लिहिणारीची सही: धाकटीची ताई
साक्षीदार: शेजारच्या टेलरबाई (सही केली, साखरेबद्दलची हरकत नोंदवून)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे डॉक्टर
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: मार्चचा पहिला सोमवार