विश्रांत अवस्थेत एकशे सव्वीस

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि तुमच्या उजव्या डोळ्यावरच्या भिंगाला भाचीचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे, घड्याळांच्या दुकानाचे शटर आणि तुमची पाठ (जिला मामी 'लंबकाचं घड्याळ' म्हणतात, कारण ती दर तासाला वाजते) ही तिन्ही ठीक चालत असावीत. मी इकडे वसतिगृहात सुखरूप आहे, असे पुढे लिहिण्याचा शिष्टाचार आहे. परंतु जे निरीक्षणात आलेले नाही ते लिहू नये, असे आम्हा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवलेले असल्यामुळे ते वाक्य तूर्त राखून ठेवते.

फोन न करता पत्र पाठवते याचा राग मानू नये. फोनवर मला 'हो', 'बरं' आणि 'ठेवते' एवढेच शब्द सुचतात आणि प्रस्तुत विषय त्या तीन शब्दांत मावणारा नाही. विषय माझे हृदय हा आहे. (मामी हे पत्र वाचत असतील तर त्यांना कृपया सांगावे, की तसे काही नाही. रक्त ढकलणारे, चार कप्प्यांचे, तेच.)

आमचा अकरावा प्रयोग 'विश्रांत अवस्थेतील नाडीचे ठोके मोजणे' हा आहे. वाचताना तो सोपा वाटतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची, मिनिटभर ठोके मोजायचे, असे तीनदा करून सरासरी काढायची. मग जिने चढून यायचे आणि पुन्हा मोजायचे. अडचण फक्त एका नियमाची आहे. नाडी दुसऱ्याने मोजायची आणि मोजणाऱ्याने वहीत सही करायची. शरीरक्रियाशास्त्राच्या आमच्या बाई म्हणतात, "ज्याखाली सही नाही ते निरीक्षण नव्हे, ती कल्पना." आता मला सांगा मामा, दुसरे माणूस मनगट धरून बसलेले असताना विश्रांत अवस्था यावी कोठून? मी एकटी असते तेव्हा विश्रांत असते, पण तेव्हा सही करायला कोणी नसते. सही करायला कोणी आले, की विश्रांती उठून जाते.

यामागचे कारण मला तोंडपाठ आहे. भीती वाटली, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय वेगाने धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात आणि पळण्यासाठी स्नायूंकडे रक्त धावते. ही सोय वाघ समोर आल्यास पळता यावे म्हणून आहे. माझ्यासमोर वाघ नव्हता, बाकावरची सोबतीण होती. पण ग्रंथींना डोळे नसतात. त्या ऐकीव माहितीवर काम करतात.

या सोबतिणीला सगळा वर्ग 'कर्णा' म्हणतो, कारण तिला हळू बोलता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. (तुम्ही पाहिलेत तर हळहळाल. लॅबचे काका रोज सकाळी स्टुलावर चढून ते कॉलेजच्या घंटेशी जुळवतात आणि आम्ही जेवून परत येतो तेव्हा त्यात जेमतेम बारा वाजत असतात. वेळ त्यात कोणी पाहत नाही. केवळ सेकंदकाट्यासाठी ते टांगलेले आहे.) कर्णाने माझे मनगट धरले, घड्याळावर नजर लावली आणि मी माझ्या सवयीप्रमाणे डोळे मिटले. काटा बारावरून निघून बारावर आला तशी ती ओरडली, "एकशे सव्वीस! अगं, हृदय आहे की शिवणयंत्र?" तेहतीस माना वळल्या. दुसऱ्यांदा एकशे एकोणतीस आले, तिसऱ्यांदा एकशे तेवीस. सरासरी काढली तर पुन्हा एकशे सव्वीस. उरलेल्या चौतीस जणांचे बहात्तर आले होते. सगळ्यांचे अगदी बहात्तर. पहिल्या दिवशी बाईंनी त्याच घड्याळावर स्वतःची नाडी मोजून दाखवली होती, त्यांचेही बहात्तर होते आणि पुस्तकातल्या नमुना तक्त्यातही बहात्तरच आहे. तेव्हापासून मला जिन्यात 'सव्वाशे' अशी हाक मारतात.

पुढे आणखी विपरीत घडले. जिने चढल्यानंतरची नाडी वरच्या मजल्यावरच मोजायची असते. तिथे पोहोचेपर्यंत कर्णाला इतकी धाप लागली, की ती कठड्याला कपाळ टेकून बसली. मीच तुम्ही दिलेल्या मनगटी घड्याळावर 'थांब' म्हणाले आणि तिने श्वास गिळत 'अठ्ठ्याण्णव' सांगितले. म्हणजे माझ्या तक्त्यानुसार मी स्वस्थ बसले असता ठोके एकशे सव्वीस आणि जिने चढले असता अठ्ठ्याण्णव. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "जिने चढून तुला विश्रांती मिळते का गं? उद्या लिहिशील, मासा पाण्याबाहेर काढला की जरा बरा श्वास घेतो." वहीत लाल शाईने दोन ओळी आल्या: 'शरीरक्रियेच्या विरुद्ध. पुन्हा करा, अथवा हृदय तपासून घ्या.' (मामा, त्यातील 'अथवा' हा शब्द मी त्या दिवसापासून रोज वाचते आहे.)

पुन्हा करण्यासाठी मी लॅबच्या काकांना गाठले. ते मायाळू आहेत. त्यांनी मनगट धरले आणि म्हणाले, "पोरी, आधी श्वास सोड." मी सोडला. थोड्या वेळाने म्हणाले, "मग आता घे की! माझ्या नोकरीवर बेतेल." त्या खेपेस एकशे एकतीस आले. काकांनी सही करण्यापूर्वी मला पाणी दिले.

खरे सांगायचे तर मी वनस्पतींकडे आशेने पाहत होते. बारावा प्रयोग पाणवनस्पतीचा आहे. तिची फांदी पाण्यात उलटी बुडवून दिव्यासमोर ठेवायची. प्रकाशसंश्लेषण होऊ लागले, की देठातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, ते मिनिटभर मोजायचे. वनस्पतीला संकोच नसतो असे मी समजत होते. उन्हाचा तडाखा वाढून पाणी कमी पडले, की पानावरच्या रक्षक पेशी सैल पडतात आणि रंध्रे मिटतात. पान त्यासाठी कोणाची परवानगी मागत नाही, कोणी त्याला नावे ठेवत नाही. (लाजाळूचे नाव तुमच्या ओठांवर आले असेल. तीसुद्धा मिटली तर पाव तासात पुन्हा उघडते. मला पुढचे सत्र लागते.) कर्णाने भिंतीवरच्या घड्याळावर मिनिट सांगितले आणि मी मोठ्या भरवशाने बुडबुडे मोजले. नमुना तक्त्यात तीस होते. माझे पंचेचाळीस आले. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. माझ्या नुसत्या जवळ बसण्याने पाण्यातल्या काडीलाही धडकी भरत असेल, तर दोष वाघाचा नाही आणि कर्णाचाही नाही.

येत्या शनिवारी बाई वह्या प्रमाणित करणार आहेत. ज्याची वही अपुरी त्याला प्रात्यक्षिक परीक्षेच्या दारातूनच परत पाठवतात आणि त्याचे वर्ष जाते. दहावीला आणि बारावीला पहिली आलेली मुलगी विश्रांती घेता न आल्यामुळे नापास झाली, हे आईला कोणत्या शब्दांत सांगावे, हे मला ठरवता आलेले नाही. तुमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जे हृदयाचे डॉक्टर बसतात, त्यांची शुक्रवारची वेळ माझ्यासाठी घेऊन ठेवाल का? आईला यातले काही कळू देऊ नये. तिला मी वसतिगृहातली गादी मऊ आहे असे कळवले आहे, तेही निरीक्षण नाही.

तुमची चिंतातुर भाची

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत मी काकांच्या परवानगीने बुडबुडे पुन्हा मोजायला एकटीच गेले. बघणारे कोणी नसल्यामुळे मी प्रथमच डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सेकंदकाटा उतरताना बरा उतरतो; पण वर चढताना नवाच्या आकड्यापाशी अडकतो, जागच्या जागी थरथरतो आणि बऱ्याच वेळाने पुढे सरकतो. तुमच्या घड्याळाशी तीनदा ताडून पाहिले: त्याचे एक मिनिट म्हणजे आपले नव्वद सेकंद. तुमच्या घड्याळावर बुडबुडे तीस आले. वनस्पती मला घाबरत नव्हती. आणि माझे एकशे सव्वीस म्हणजे खरे चौऱ्याऐंशी. जिने चढल्यावर अठ्ठ्याण्णव. तक्ता सरळ आहे, मामा. हृदयही.

ता. क. २. आता खरी अडचण. त्या घड्याळावर बहात्तर येण्यासाठी खरे ठोके अठ्ठेचाळीस हवेत. पुस्तक सांगते, की इतके संथ हृदय कसलेल्या धावपटूंचे असते. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर येताना दोनदा थांबतो. म्हणजे मी घड्याळाचे सांगितले, तर चौतीस वह्या खोट्या ठरतात आणि पहिल्या दिवसाचे बाईंचे बहात्तरही. शिवाय एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. कर्णाची नाडी मोजण्याची पाळी माझी होती. ती म्हणाली, "राहू दे गं, बहात्तर टाक आणि सही कर." मला नाही म्हणता आले नाही. त्या चौतीस बहात्तरांपैकी एकाखाली सही माझी आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारू नका. शुक्रवारी तुमचे दुकान बंद असते, तुम्हीच या. नवा सेल आणा, काट्याचे बघा आणि कोणाला काही बोलू नका. शनिवारी सकाळी वह्या घेण्यापूर्वी मी बाईंना माझी नाडी मोजायला सांगेन आणि त्याच घड्याळावर, माझी खोटी सही खोडून, कर्णाचीही मोजेन. बाकीच्यांचे बहात्तर त्यांच्यापाशी. हे कर्णाला आज सांगितलेच पाहिजे. ती आत्ता खोलीत आहे.

ता. क. ३. तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहून लिहीत आहे. अजून दार वाजवलेले नाही. वाजवण्यापूर्वी तुमच्या घड्याळावर स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली. एकशे सव्वीस. घड्याळ बरोबर आहे. डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवावी.